कौतुक कार्डावर, तक्रार इनलँडमध्ये

आमच्या घरात आमटीत मीठ बरोबर पडलं, तर कुणी काही बोलत नाही. ताटं रिकामी होतात, हात धुतले जातात, टीव्ही लागतो. पण ज्या दिवशी मीठ कमी पडतं, त्या दिवशी मात्र तिन्ही दिशांनी अभिप्राय येतो. आमचे 'हे' नुसतेच मिठाच्या वाटीकडे बघतात, मुलगा तोंड वाकडं करतो आणि सासूबाई म्हणतात, "असू दे गं, होतं एखादवेळी." तुमच्याकडे काही वेगळं असतं का, मैत्रिणींनो? नसावं! म्हणजे वर्षातल्या तीनशे साठ दिवसांच्या आमटीबद्दल मौन आणि उरलेल्या पाच दिवसांवर चर्चा.

मी हे तक्रार म्हणून सांगत नाहीये. कारण अगदी हेच मी स्वतः एका बाईच्या बाबतीत केलं, आणि तेही आमटीच्या नाही, लिहिण्याच्या बाबतीत. ती गोष्ट सांगायची म्हणूनच आज लिहायला बसले. पण त्याआधी आमच्या अण्णांविषयी थोडं सांगायला हवं.

अण्णा, म्हणजे माझे वडील, तासगाव तालुक्यात प्राथमिक शिक्षक होते. दिवाळी अंक विकत घेण्याची ऐपत नव्हती, पण वाचनालयातून एकेक अंक घरी यायचा. डिसेंबर-जानेवारीपर्यंत ते वाचन चालायचं. एखादी गोष्ट, एखादा लेख आवडला की अण्णा पंधरा पैशांचं पोस्टकार्ड काढायचे. लेखकाचा पत्ता कुठला माहीत असायला? 'द्वारा संपादक' म्हणून मासिकाच्या पत्त्यावर कार्ड जायचं. मजकूर चार-पाच ओळींचाच. 'आपली कथा फार आवडली' असलं काही ते लिहीत नसत. अमुक पानावर ती म्हातारी उंबऱ्यात बसून राहते ते वाचून आमच्या आत्याची आठवण झाली, दोन दिवस डोक्यातून जाईना, असं काहीतरी असायचं. खाली पूर्ण नाव, गाव, तालुका, जिल्हा.

एकदा मात्र त्यांनी निळं इनलँड काढलं. एका कथेत ऐन दिवाळीत शाळूची काढणी चालली होती. आता शाळू हे रब्बीचं पीक, दिवाळीच्या सुमारास तो जेमतेम उगवून वर आलेला असतो. काढणी उन्हाळ्याच्या तोंडावर. अण्णांनी ते सविस्तर लिहिलं, कडा ओल्या करून नीट चिकटवल्या आणि मला टाकायला दिलं. मी विचारलं, "कार्डावर का नाही लिहिलं? स्वस्तात झालं असतं की!" त्यावर ते म्हणाले, "अगं, कार्ड पोस्टमन वाचतो, वाटेत आणखी चार जण वाचतात. कौतुक चार जणांनी वाचलं तर बरंच आहे. चूक मात्र ज्याची त्यालाच कळावी."

त्या लेखकांचं उत्तर आलं होतं. एकाच ओळीचं, 'पुस्तक निघेल तेव्हा बदलतो' असं. ते कार्ड अण्णांच्या ट्रंकेत अजून आहे. कौतुकाच्या कार्डांना मात्र फारशी उत्तरं आली नाहीत, तीन-चारच असतील. पण अण्णांना त्याचं काही वाटायचं नाही. "त्याचं काम त्यानं आधीच केलंय," म्हणायचे.

इतकं बघून, ऐकून मोठी झालेली मी. बी. ए. ला मराठी घेतलेली. लग्न होऊन सांगलीला आले, मुलं शाळेत जायला लागल्यावर वस्तीतल्या बायकांचा गट सुरू केला. मसाले, गोधड्या, थोडीशी बचत आणि शनिवारी दुपारी पुस्तकं. एका पिशवीत पंधरा-वीस पुस्तकं घेऊन जायची, कुणीतरी मोठ्यांदा वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. सुरुवातीला गटात काही जणी अंगठा उठवायच्या. त्यांना सही शिकवायला आम्ही दोन वर्षं घालवली. (आणि आता गंमत बघा! मी कुणाला मोबाइलवर पानभर मजकूर पाठवला, तर शिकल्यासवरल्या बायका उत्तर म्हणून अंगठा पाठवतात! ज्या अंगठ्यातून बायकांना सोडवायला आम्ही जिवाचं रान केलं, तोच फिरून आला.)

तर २०१९ चा ऑगस्ट. कृष्णेचा पूर सांगलीकरांना काही नवा नाही, २००५ चा पूरही लोकांनी पाहिलेला. पण त्या वर्षी आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं आणि वस्तीच काय, बंगल्यांचे तळमजलेही पाण्यात गेले. गटातल्या बहुतेक जणी शाळेतल्या छावणीत होत्या. पाणी ओसरल्यावर महिनाभर फक्त चिखल काढणं चाललं होतं. पुढे सगळं थोडं थाऱ्यावर आलं, तेव्हा मला वाटलं की या बायकांनी जे पाहिलं ते कुठेतरी उतरायला हवं. ८ मार्च २०२० ला आपण एक हस्तलिखित अंक काढू, प्रत्येकीने एक पान लिहायचं, असं ठरवलं.

कुणी अर्धं पान लिहिलं, कुणी मुलीकडून लिहून घेतलं. एका मावशींनी मात्र सहा पानं आणली. मुलाची जुनी शंभरपानी वही, तिच्या उरलेल्या कोऱ्या पानांवर. मावशी पन्नाशीच्या, चौथी शिकलेल्या, चार घरची धुणीभांडी करतात. त्यांनी काय लिहिलं होतं ते मला आज अगदी ओळीने सांगता येईल. छावणीत रात्री कुणाचंच पोर रडलं नाही, सगळी नुसती जागी होती, हे होतं. रेशनकार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कमरेला बांधलेलं, ते झोपेतही चाचपून बघायची सवय लागली, हे होतं. घरी परत आल्यावर डब्यातल्या ज्वारीला कोंब फुटून वास सुटलेला. आणि पाचव्या पानावर हे होतं: 'जगाची भांडी घासते पण माझीच भांडी चिखलातनं काढताना हात चालंना.'

आणि मी काय केलं असेल?

लाल पेन घेतलं. पहिल्या पानापासून ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करत गेले. 'पानी'चं 'पाणी' केलं, 'चिखलातनं'चं 'चिखलातून' केलं, आणि त्या ओळीतल्या 'चालंना'मधल्या लवरचा अनुस्वार खोडून वर मात्रा दिली, 'चालेना'. मग शनिवारी सगळ्यांच्या देखत वही परत देताना म्हणाले, "छान लिहिलंय हं मावशी! फक्त शुद्धलेखनाकडे जरा लक्ष द्या. आणि थोडं कमी करा, एक पान सांगितलं होतं ना?"

मावशींनी वही उघडली. लाल झालेली पानं बघितली. हसल्या आणि म्हणाल्या, "आमचं कसलं लिव्हनं ताई, उगं आपलं..." आणि वही पिशवीत घातली. अंकासाठी पान काही परत आलं नाही. मी दोनदा आठवण केली, तर "सवड न्हाई घावली" म्हणाल्या. अंक त्यांच्याशिवाय निघाला. पुढे पंधरा-वीस दिवसांत टाळेबंदी लागली आणि गटाचं बसणंच बंद पडलं.

खरं सांगते, तेव्हा माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. मला वाटलं, मी मदतच केली. टाळेबंदीत घरातली पुस्तकं पुन्हा काढून वाचत होते, त्यात ताराबाई शिंद्यांचं 'स्त्रीपुरुष तुलना' हाती आलं. कॉलेजात परीक्षेपुरतं वाचलेलं. या वेळी वाचताना वेगळीच गोष्ट लक्षात आली. हे पुस्तक मुळात एका वाचणाऱ्या बाईची प्रतिक्रिया आहे! १८८१ मध्ये सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला भ्रूणहत्येच्या खटल्यात शिक्षा झाली, त्यावर 'पुणे वैभव' या पत्रात समस्त स्त्रीजातीला नावं ठेवणारा मजकूर आला. तो वाचून बुलढाण्याच्या ताराबाईंचं माथं भडकलं आणि त्यांनी उत्तर लिहिलं. १८८२ मध्ये ते पुण्यात छापलं गेलं. कुणीतरी काहीतरी छापतं, आपण वाचतो, चरफडतो आणि पोळ्या लाटायला उठतो. त्या उठल्या नाहीत. किंवा पोळ्या लाटून झाल्यावर पुन्हा बसल्या असतील!

पण पुढचं जास्त लागलं मनाला. पुस्तक निघाल्यावर त्याची टवाळी झाली, अगदी सुधारणेची भाषा करणाऱ्यांकडूनही. जोतीराव फुल्यांनी १८८५ मध्ये 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकात त्यांची बाजू घेतली, आपल्याच सहकाऱ्याला सुनावलं. पण ताराबाईंनी त्यानंतर काही छापल्याचं आढळत नाही. एकच पुस्तक. तेही नव्वद वर्षं विस्मरणात गेलं होतं, १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा उजेडात आणलं. त्या काय काय लिहू शकल्या असत्या, ते आता कुणालाच कळणार नाही.

हे वाचताना मला मावशींची ती वही आठवली. कुठे ताराबाई आणि कुठे आमच्या मावशी, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. टवाळीने एक बाई गप्प झाली असेल, तर दुसरी माझ्या चांगुलपणाने गप्प झाली होती. मी तर टवाळीही केली नव्हती. 'छान' म्हणाले होते!

या 'छान'चा मला आता राग येतो. छान म्हणजे काय? न वाचताही म्हणता येतं. गाण्याच्या बैठकीला तुम्ही गेला असाल. गाणारा समेवर येतो आणि समोरून 'वा' जाते, ती दाद. भलत्याच ठिकाणी कुणी मान डोलावली, तर गाणाऱ्याला लगेच कळतं की या गृहस्थांचं लक्ष गाण्यात नाही, मध्यंतरातल्या बटाटेवड्यात आहे. लिहिणाऱ्यालाही तसंच कळतं. पाचव्या पानावरची ती ओळ मावशींची सम होती. मी तिथे पोचून अनुस्वार खोडत होते.

आणखीही काही मंडळी असतात. आपण काही लिहिलं, विणलं, रांधलं की ते बघता बघता स्वतःची गोष्ट सुरू करणारी. "अगं, आमच्या २००५ च्या पुरात तर..." झालं! तुमचा पूर राहिला बाजूला. काही जण न मागता सल्ला देतात. काही जण लेख अर्धाच वाचून जे लिहिलेलंच नाही त्यावर वाद घालतात. मला स्वतःला सगळ्यात जास्त बोचतात ते चारचौघांत चूक दाखवणारे. चूक बरोबर दाखवतात, त्याबद्दल वादच नाही. पण मग मला वाटतं, यांना माझी चूक सुधारायची आहे की बाकीच्यांना आपली हुशारी दाखवायची आहे? अण्णांचं इनलँड आठवतं ते अशा वेळी.

मला एकदा तसं कार्ड आलं होतं, हो! बऱ्याच वर्षांपूर्वी मी सासूबाईंच्या जात्यावर एक छोटा लेख लिहिला होता. कराडकडच्या एका आजोबांचं कार्ड आलं. जात्याचा खुंटा हाताने गुळगुळीत झालेला असतो, हे तुम्ही लिहिलंत, मी आईच्या जात्याचा खुंटा आज हात लावून बघितला, खरंच आहे, एवढाच मजकूर. घरात कार्ड सगळ्यांनी वाचलं होतं. पोस्टमनने तर हातात देतानाच विचारलं, "वहिनी, तुम्ही लिहिता होय?" मला पुढचे चार लेख त्या कार्डाने लिहायला लावले, असं म्हटलं तरी चालेल. त्या आजोबांना उलट उत्तर मात्र मी टाकलं नाही. 'उद्या टाकू' करत राहून गेलं. आजही ते खुपतं. कुणी आपल्यासाठी कार्ड खरेदी करून, पत्ता शोधून चार ओळी लिहितो, तर 'पोचलं' एवढं तरी कळवावं की नाही?

आता बहिणाबाईंचं बघा. त्या स्वतः लिहीत नव्हत्या, ओव्या-गाणी मुखाने म्हणायच्या, ती मुलाने, सोपानदेवांनी आणि घरातल्यांनी उतरवून घेतली. १९५१ च्या डिसेंबरात त्या गेल्या. नंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली. अत्रे ऐकून थक्क झाले आणि हे छापलंच पाहिजे म्हणून मागे लागले. १९५२ मध्ये पुस्तक आलं, अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. मला त्यातलं काय महत्त्वाचं वाटतं सांगू? गाणी त्यांच्या बोलीतच छापली गेली. आधी शुद्ध करून आणा, मग बघू, असं कुणी म्हटलं असतं तर? खानदेशातल्या त्या बाईंच्या नावाने आज जळगावला विद्यापीठ आहे. एका वाचणाऱ्याने नीट कान दिला म्हणून हे झालं. ती दाद ऐकायला बहिणाबाई मात्र नव्हत्या. दाद द्यायची तर वेळेवर द्यावी, हे मी त्यातून घेतलं.

२०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं. पुन्हा छावणी, पुन्हा चिखल. मावशी भेटायच्या, बोलायच्या, पण वहीचा विषय मी काढला नाही आणि त्यांनीही नाही. माफी मागावी, तर कशाबद्दल म्हणून सांगायचं? "मावशी, मी तुमची मात्रा सुधारली त्याबद्दल माफ करा" असं म्हटलं असतं, तर त्यांनी मलाच वेड्यात काढलं असतं. शेवटी गेल्या वर्षी एके दिवशी पोस्टात गेले आणि कार्ड मागितलं. खिडकीतल्या मुलाने दोनदा विचारलं, "कार्डच ना मॅडम?" घरी येऊन लिहिलं. मावशींचं घर आमच्यापासून चालत वीस मिनिटांवर, तरी कार्ड पोस्टाच्या पेटीत टाकलं. त्यांचीच ओळ लिहिली, त्यांनी लिहिली होती तशी, 'चालंना'सकट. खाली लिहिलं की ही ओळ मला पाच वर्षं सुटलेली नाही, आपल्या घरची भांडी घासताना दर वेळी आठवते. पुढे नाव, पत्ता.

चार-पाच दिवस काहीच नाही. मग शनिवारी गटात गेले, तर सगळ्या जणी माझ्याकडे बघून हसायला लागल्या. कार्ड पोस्टमनने शेजारच्या मुलीच्या हातात दिलं होतं. तिने ते दारातच मोठ्यांदा वाचलं, मग गल्लीने दोनदा वाचायला लावलं. मावशी म्हणाल्या, "ताई, कार्ड कशापायी टाकलं? समोर बोलायचं की!" मी म्हटलं, "समोर बोलले होते मावशी, तेव्हा चुकीचं बोलले." त्या काही बोलल्या नाहीत. गोधडीला टाके घालत राहिल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "अक्षर लई बारीक हाय तुमचं. पोरीला वाचायला तरास झाला."

कार्ड आता त्यांच्या रेशनकार्डाच्या पिशवीत आहे, असं त्यांच्या मुलाने सांगितलं.

नवीन काही लिहिलंय का, असं मी विचारलं नाही. पण मागच्या महिन्यात त्या शंभरपानी वही घेऊन आल्या. पानं थोडी पिवळी पडलेली, २०२१ च्या पाण्यात एक कोपरा भिजून कडक झालेला. मी पाचवं पान उघडलं. माझ्या लाल मात्रेवर निळ्या बॉलपेनने काट मारलेली होती आणि लवर पुन्हा अनुस्वार दिलेला होता, चांगला गिरवून, ठसठशीत. कधी केलं ते मी विचारलं नाही.

येत्या ८ मार्चच्या अंकात ती सहाच्या सहा पानं जशीच्या तशी जाणार आहेत. मावशींची अट एकच आहे. लाल पेन मी घरी ठेवून यायचं.